उद्या पहाटे ईशान्येचा वारा

पस्तीस वर्षांच्या संसारात कृष्णकांत कर्णिकांनी बायकोला नावाने हाक अशी मारलीच नव्हती. 'अगं' म्हटलं की काम भागत होतं. 'अगं, टॉवेल', 'अगं, बेल वाजतेय', फार तर पाहुण्यांसमोर 'ऐकलंस का'. सुमतीही त्यांना 'अहो' म्हणायची. लग्नातल्या उखाण्यानंतर तिने त्यांचं नाव घेतलं असेल ते रेशन कार्डाच्या खिडकीवर. दोघांचं छान चाललं होतं. आणि दोन हजार चौदाची दिवाळी सरल्यावर एका सकाळी कृष्णकांत अंथरुणात उठून बसले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुमती."

ती दचकलीच. "काय झालं?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. दात घासण्याआधी, चहाआधी, चष्मा लावायच्याही आधी, सुमती. आता कुणी म्हणेल, यात वाईट काय? ज्याला असं वाटतं त्याचा संसार नवा असणार. बँकेतून रिटायर झालेला, साठी उलटलेला माणूस एकाएकी बायकोचं नाव घोळवायला लागतो, तेव्हा काहीतरी शिजत असतं. सुमतीला याची खात्री होती. काय शिजतंय तेवढं कळत नव्हतं.

त्यात जेवणाचं. कृष्णकांतांचं नाक हा त्या घरातला सगळ्यात वरिष्ठ अधिकारी होता. दूध नासणार हे त्यांना आदल्या दिवशी कळायचं. बाजारात सुरमईला हात न लावता, दोन पावलांवरूनच 'कालची आहे' म्हणून सांगायचे. कोळीण शिव्या द्यायची, पण मासा बदलून द्यायची. सुमती चांगली सुगरण, तरी पस्तीस वर्षं हा माणूस तिच्या प्रत्येक पातेल्यावरचं झाकण उचलून हुंगत आला होता. हिंग जास्त पडलाय, खोबरं खवट आहे, कोकम जुनं आहे. ती चिडायची, आणि ते बरोबर असायचे म्हणून जास्त चिडायची. तोच माणूस आता ताटात पडेल ते मुकाट्याने जेवत होता. एके दिवशी आमटी चांगली खाली लागली. सुमतीने स्वतः तोंड वाकडं करत दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. कृष्णकांत म्हणाले, "छान झालीय आमटी."

सुमतीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

बरं, हा माणूस फक्त तिचा नव्हता, आता अख्ख्या सोसायटीचा झाला होता. त्याचं असं झालं. कामोठ्यात हिवाळ्यात वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं. दुपारी तो खाडीकडून येतो, पश्चिमेचा, खारट आणि भला. संध्याकाळी पडतो. आणि पहाटे डोंगरांच्या अंगाने, ईशान्येकडून, थंड वारा उतरतो. माणसं स्वेटर काढतात, चहा दोनदा पितात, मुंबईच्या नातेवाइकांना फोन करून 'आमच्याकडे बरं का, मस्त थंडी आहे' म्हणून सांगतात. पण त्याच बाजूला, लांब, एक कारखाना होता. पहाटेच्या वाऱ्याबरोबर तिथून असा काही वास यायचा की झोपलेला माणूस उठून बसावा. सडलेला कोबी आणि गंजलेलं लोखंड एकाच पातेल्यात उकळत ठेवावं तसा. दिवस वर आला की वास नाहीसा, आणि प्रदूषण खात्याच्या कचेरीत तक्रार करायला गेलं तर तिथले साहेब विचारायचे, "कुठे आहे वास?"

शेवटी साहेबांनी तोडगा सांगितला. वास येत असेल त्याच वेळी फोन करा, माझा माणूस लगेच येऊन नोंद करेल. आता पहाटे उठणारा, खोटं न बोलणारा आणि तिखट नाकाचा माणूस सोसायटीत एकच होता. सेक्रेटरी अविनाश चाळिशीचा, आयटीतला, भयंकर उत्साही. त्याने सभेत टाळ्या वाजवून घेतल्या आणि काम कर्णिक काकांच्या गळ्यात घातलं. काकांनी नाही म्हणून पाहिलं. लोकांना तो विनय वाटला.

मुलाने, सुशांतने, पुण्याहून नवा फोन पाठवला होता. त्याच्यावर कृष्णकांत रोज संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकू लागले. 'उद्या पहाटे ईशान्येचा वारा. खिडक्या लावून झोपावे.' किंवा, 'उद्या वारा पश्चिमेचा. हरकत नाही.' आणि खरोखरच तसं व्हायचं. लोक म्हणाले, काकांच्या नाकाला आदल्या दिवशीच कळतं. समोरच्या फ्लॅटमधली खतीजा तर त्यांच्या निरोपाशिवाय झोपायची नाही. ती मूळची उरणची. मुलगा आणि सून दोहाला, आणि सहा वर्षांची नात, नाझिया, तिच्यापाशी. नाझियाला दम्याचा त्रास. त्या वासाने पोरीची छाती अशी भरायची की खतीजाचा जीव टांगणीला लागायचा.

सुमतीला मात्र त्यांचं फोन बघणं संशयास्पद वाटत होतं, कारण ते लपूनछपून चालायचं. पहाटे जाग आली तर पांघरुणाखाली निळा उजेड. ती कुशीवर वळली की उजेड गप्प. "कोणाशी बोलताय?" विचारलं तर "वेळ बघत होतो." घड्याळ भिंतीवर, काटे अंधारात चमकणारे, सुशांतनेच आणलेलं. शिवाय दर दोन-चार दिवसांनी दुपारचं बाहेर जाणं. "कुठे?" "बँकेत." एकदा शनिवारी दुपारीही बँकेत जाऊन आले. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला शनिवारी बँक अर्धाच दिवस असते हे सुमतीने सांगायचं? तिने सांगितलं नाही. मनात ठेवलं.

डिसेंबरात दोन गोष्टी झाल्या आणि संशय तिच्या घरातून उठून सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरायला लागला.

पहिली अशी. आदल्या संध्याकाळी निरोप होता ईशान्येच्या वाऱ्याचा. पहाटे कृष्णकांतांनी फोन केला, साहेबांचा माणूस मोटरसायकलवरून कुडकुडत आला. गच्चीवर पाच-सहा जण जमले. सुमतीही शाल गुंडाळून गेली. वारा होता, बरोबर त्याच बाजूचा होता, पण वास? कसला म्हणून वास नव्हता. स्वच्छ, गार, पहाडातल्यासारखी हवा. मागून कळलं, कारखाना त्या दिवशी बंद होता. तो माणूस म्हणाला, "काका, कुठेय?"

कृष्णकांत छाती फुगवून म्हणाले, "हा काय. येतोय की. तुम्हाला सर्दी झालीय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुमती खाली मान घालून उभी राहिली. तिचा नवरा कंजूष होता, हट्टी होता, तऱ्हेवाईक होता, पण त्याला चारचौघांत खोटं बोलताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. तो माणूस गेला, जाताना म्हणाला, पुन्हा मला असं उठवू नका.

दुसरी गोष्ट पुढच्याच आठवड्यात. सुमती बहिणीकडे दादरला मुक्कामी गेली होती. संध्याकाळचा निरोप होता, 'उद्या वारा पश्चिमेचा. खिडक्या उघड्या ठेवायला हरकत नाही.' खतीजाने खिडक्या उघड्या ठेवल्या. आणि पहाटे ईशान्येचाच वारा सुटला, सगळा नरक घेऊन. लोक खोकत उठले. खतीजा नाझियाला कडेवर घेऊन, अनवाणी, रिक्षा शोधत धावली. रिक्षात बसताना तिने वर पाहिलं तर कर्णिक भाईजान आपल्या बाल्कनीत खुर्ची टाकून, पायावर पाय ठेवून, शांतपणे चहा पीत होते. फोन शेजारी पडलेला. साहेबांना त्यांनी फोन केलाच नव्हता.

नाझिया दोन दिवस हॉस्पिटलात होती. बरी झाली. पण सुमती दादरहून परतली तेव्हा खतीजाने, जी एरवी जिन्यातूनच 'सुमतीताई, आलात?' म्हणून हाक मारायची, दार लावून घेतलं.

अविनाशने हिशेब मांडला, आणि त्याचा हिशेब बिनतोड होता हीच पंचाईत. तो रविवारची सभा ठरली असं सांगायला आला तेव्हा कृष्णकांत बाहेर गेले होते, 'बँकेत'. अविनाश खुर्चीच्या कडेवर बसला.

"काकू, राग मानू नका, आपण फॅक्टवर बोलू. आधी खोटा कॉल. का? तर ऑफिसचा माणूस वैतागावा, पुन्हा येऊ नये. मग खरा वास आला तेव्हा सगळ्यांना खिडक्या उघडायला लावल्या, आणि कॉल नाही. फायदा कोणाचा? कंपनीचा. आणि तुमच्या भिंतीवर हे बघा." त्याने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. कारखान्याने नवीन वर्षाचं कॅलेंडर आधीच वाटलं होतं.

"ते तर तुमच्याकडेही आलंय," सुमती म्हणाली.

"आम्ही लावलं नाही," अविनाश म्हणाला.

तो गेल्यावर सुमतीने कॅलेंडर काढून उलटं करून ठेवलं. रागाने, आणि लाजेनेही. कारण अविनाशशी भांडताना तिच्या मनात आतून कुणीतरी म्हणत होतं की पोरगा बरोबर बोलतोय. पांघरुणातला फोन, शनिवार दुपारची बँक, गच्चीवरचं खोटं. आणि बायकोचं नाव! मनात खोट असल्याशिवाय नवरा बायकोला एवढं गोंजारत नाही. एका सहा वर्षांच्या पोरीचा श्वास या माणसाने विकला की काय?

भांडी घासायला येणारी सखूबाई जुन्या कामोठे गावातली. तिचं ऐकणं आणि बोलणं दोन्ही थांबत नसे. ती नळ बंद करून म्हणाली, "बाय, एक सांगू का? तुमचे सायेब बँकेत नाय जात. मी दोनदा बगितलाय त्यांना. पनवेलच्या बाजारात, सुक्या मासलीच्या गल्लीत उबे असतात."

"मासळी घेत असतील."

"घेत कायच नाय. नुसते उबे."

कोणाची तरी वाट बघत असणार, सुमतीने ताडलं. त्या गल्लीत सोसायटीतलं कोण भेटणार? देवाणघेवाणीला जागा बरी शोधली होती. सभेच्या दोन दिवस आधी कृष्णकांत चपला घालून बाहेर पडले तेव्हा तीही पाठोपाठ निघाली. ते एका रिक्षात, ती दुसऱ्या. स्वतःच्या नवऱ्याचा पाठलाग करताना तिला आपण फार हलक्या झालोय असं वाटत होतं, पण ती परत फिरली नाही.

सुक्या मासळीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना बोंबील, सुकट, सोडे, बांगडे यांचे ढीग. वास असा की सवय नसलेला माणूस गल्लीच्या तोंडाशीच थबकतो. सुमती एका टोपल्यांच्या दुकानाआड उभी राहिली. कृष्णकांत कमरुद्दीनच्या दुकानासमोर होते. कमरुद्दीन जुना ओळखीचा, त्याच्याकडचेच सोडे कर्णिकांच्या घरात यायचे. कृष्णकांतांनी एक बोंबील उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. बराच वेळ धरला. मग ठेवला. मूठभर सुकट घेतली, दोन्ही हातांची ओंजळ करून त्यात तोंड घातलं, लहान मूल पाणी पितं तसं. पुन्हा ठेवली. कमरुद्दीन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. हे त्याला नवीन नसावं.

कुणी भेटायला आलं नाही. कुणाशी कुजबुज झाली नाही. कृष्णकांतांनी हात रुमालाला पुसले आणि मान खाली घालून रिक्षास्टँडकडे चालायला लागले. एवढ्या वासाच्या गल्लीतून हा माणूस असा चालत होता की जणू आजूबाजूला काही नव्हतंच.

सुमती टोपल्यांच्या दुकानाआड उभीच राहिली. दुकानदार दोनदा म्हणाला, "ताई, काय देऊ?" तिच्या डोक्यात करपलेली आमटी फिरत होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने सोडे काढले. कर्णिकांच्या घरात सोड्याची खिचडी हा सणच असायचा. सोडे नुसते कढईत पडले की कृष्णकांत हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात हजर व्हायचे, पस्तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. सुमतीने गॅस मोठा केला आणि कोरडेच सोडे कढईत टाकले. दाराकडे पाठ करून उभी राहिली. सोडे भाजले. मग लाल झाले. मग काळे पडायला लागले आणि धूर निघाला. बाहेर हॉलमध्ये पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला, बस.

समोरचं दार उघडलं. खतीजाने अबोला विसरून ओरडून विचारलं, "सुमतीताई, अहो सोडे जळतायत तुमचे!"

"हो हो, बघते," सुमती ओरडली. आणि मग हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीशी जाऊन, शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "अहो, आज अळूचं फदफदं केलंय."

कृष्णकांत आंघोळीनंतर कानात कापूस घालायचे, त्यामुळे खतीजाचं त्यांनी ऐकलं नव्हतं. पाठ खिडकीला टेकलेली, डोळ्यांसमोर पेपर. त्यांनी पेपर खाली घेतला, नाकाने मोठा श्वास ओढला आणि हसले.

"कळलं मला. अळूचा काय घमघमाट सुटलाय, वा!"

सुमतीने जाऊन गॅस बंद केला. कढई तशीच सिंकमध्ये ठेवली आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी आधी 'काय कधीपासून' असा चेहरा केला. मग तिच्या पदराला धुराची काजळी लागलेली दिसली. स्वयंपाकघराच्या दारातून येणारा धूर दिसला. पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"पावसाळ्यापासून. आधी वाटलं सर्दी आहे."

"आणि ते निरोप?"

"फोनवर हवामान येतं. वारा कुठून, किती, सगळं येतं. ईशान्येचा म्हणाला की वास येणार, एवढंच धरून चाललो होतो. बहुतेक वेळा जमायचं. कारखाना बंद असेल हे हवामानवाले थोडेच सांगणार? आणि त्या दिवशी तर त्यांनीच पश्चिमेचा सांगितला. मी बाल्कनीत बसलो होतो, सुमती. मला वाटलं काय छान सकाळ आहे."

"मग सांगायचं होतंत! नाही येत वास, म्हणून सांगायचं. जगात काय तुमचं एकट्याचंच नाक बंद पडलंय?"

कृष्णकांतांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "अण्णांचं आठवतंय?"

अण्णा म्हणजे तिचे सासरे. आठवत कसं नाही? आधी त्यांना वास येईनासा झाला. फाटलेल्या दुधाचा चहा ते मजेत प्यायचे आणि सगळे हसायचे, सुमतीही हसायची. मग दोन-तीन वर्षांत नावं जायला लागली. आधी शेजाऱ्यांची, मग नातवाची. शेवटी शेवटी सुमती भात कालवून भरवायला बसली की ते हात जोडून विचारायचे, "बाई, आपण कोणाकडच्या?"

"नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो," कृष्णकांत म्हणाले. "तो म्हणाला नाकात काही दोष नाही, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. मी नाही गेलो. बाजारात जातो. म्हटलं, बोंबलाचा वास तरी येईल एखाद्या दिवशी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि रोज सकाळी उठल्या उठल्या आधी तुझं नाव घेऊन बघतो. आलं तोंडात की बरं वाटतं. दिवस सुरू करतो."

सुमतीला एवढे दिवस वाटत होतं की हा माणूस आपल्याला गोंजारतोय. तिने पदर तोंडाशी धरला. आपण कुठे कुठे काय काय शोधत फिरलो याची तिला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना.

"उद्या सभेत सांगून टाकू," ती शेवटी म्हणाली.

"अजिबात नाही." कृष्णकांत एकदम कडक झाले. "त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू दे. पैसे खाल्ले म्हणू दे. पैसे खाणाऱ्याला लोक शिव्या देतात, पण माणसात धरतात. हे एकदा कळलं की माझ्याशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागतील. अण्णांशी आपण बोलायचो तसं. तुला शपथ आहे."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कृष्णकांत इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, जणू सत्कारच होता. अविनाशने सगळं क्रमाने सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. शेवटी म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं काय आहे?"

"चूक माझी आहे," कृष्णकांत उभं राहून म्हणाले. "कारण विचारू नका. काय समजायचं ते समजा."

पार्किंगमध्ये भुणभुण सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे कबूलच झालं." कुणी म्हणालं, "पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर?" सुमती बायकांच्या रांगेत बसली होती. शेजारची खुर्ची तिने आपली पर्स ठेवून अडवली नव्हती, तरी रिकामीच होती.

तेव्हा खतीजा उठली. नाझिया तिच्या ओढणीला धरून. खतीजा अविनाशकडे न बघता थेट कृष्णकांतांना म्हणाली, "भाईजान, मला पैशाबिशाचं काही नको. आमची लेकरं तुमच्या भरवशावर झोपतात. अल्लाला स्मरून एवढंच सांगा, त्या पहाटे, फजरला, तुम्हाला वास आला होता, की आला नव्हता?"

कृष्णकांतांनी नाझियाकडे बघितलं. मग वळून सुमतीकडे, आणि ती नजर अगदी स्पष्ट सांगत होती, शपथ आहे.

सुमती उभी राहिली.

"नाही आला," ती म्हणाली. "त्यांना वास येत नाही, खतीजा. कसलाच. पावसाळ्यापासून. ते फोनवरचं हवामान वाचून तुम्हाला सांगत होते. पैसे कुणी दिले नाहीत आणि यांनी घेतले नाहीत. लपवलं, ही चूक. ती मोठी चूक आहे, आणि पोरीने भोगली. पण चोरी नाही."

अविनाशने मान खाली घातली. खतीजा दोन पावलं पुढे आली, पण कृष्णकांत थांबले नाहीत. खुर्ची नीट सरकवून, कुणाकडेही न बघता लिफ्टकडे चालू लागले. मागून अविनाश म्हणाला, "काका, सावकाश. मी येऊ का सोबत?" अगदी मोठ्याने आणि अगदी सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमती जागी होऊन पडून राहिली. कृष्णकांत उठून बसले. तिने श्वास रोखला. ते चपला शोधून बाथरूममध्ये गेले. नाव नाही.

त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. दिवसभर घरात शब्द नाही. ती बोलायची, ते हो-नाही करायचे. रागावलेत, तिने स्वतःला समजावलं. रागावणारच. शपथ मोडली, चारचौघांत त्यांचं झाकलेलं उघडं केलं. उतरेल राग. खतीजा बिर्याणी घेऊन आली, खूप रडली, अविनाश मेंदूच्या डॉक्टरची वेळ ठरवून गेला. कृष्णकांतांनी सगळ्यांना नमस्कार केला. पण रात्री भांडी आवरताना सुमतीला तो विचार आला आणि मग तो जाईना. हे रागावलेत म्हणून माझं नाव घेत नाहीत, की सकाळी घ्यायला जातात आणि सापडत नाही? विचारणार कसं? संशय घ्यायची तिला आता सवय लागली होती, आणि हा संशय तर तिच्याच उशाशी झोपत होता.

तिसऱ्या पहाटे थंडी कडक होती. सुमती शाल घेऊन बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आता हे काम तिचंच होतं, तिने कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. वारा ईशान्येचा होता. आणि हळूहळू, कोबीचा, लोखंडाचा, तो आला. तिने फोन लावला. साहेबांचा माणूस कुरकुरला, पण 'निघतो' म्हणाला. आता खतीजाच्या दाराची बेल वाजवायची, म्हणून ती वळली तर मागे कृष्णकांत उभे होते. मफलर गुंडाळलेला, केस विस्कटलेले.

"अगं," ते म्हणाले, "आला का?"

अगं. पस्तीस वर्षं तिने हेच ऐकलं होतं आणि तिला काही वाटलं नव्हतं. राग गेला म्हणून जुनं अगं परत आलं, की दुसरं काही हाताशी उरलं नाही म्हणून? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. झोपेतून उठलेल्या कुठल्याही माणसाचा असावा तसा चेहरा होता.

तिने कठड्याला घट्ट धरलं आणि थट्टेचा सूर लावला, लग्नाच्या पंगतीत करवल्या लावतात तसा.

"आधी नाव घ्या. मग सांगते."

कृष्णकांत तिच्याकडे बघत राहिले. खालच्या रस्त्यावरून दूधवाल्याची सायकल गेली. समोरच्या बिल्डिंगमध्ये एकेक खिडकी बंद होत होती. सुमतीने आयुष्यात सुशांतच्या निकालाची वाट बघितली होती, रिपोर्टांची बघितली होती, पण अशी वाट कधी बघितली नव्हती. त्यांचे ओठ जरासे हलले, थांबले.

"सुमती," ते म्हणाले. "आता सांग."

"आला," ती म्हणाली, आणि डोळे पुसत खतीजाची बेल वाजवायला गेली.